बेन तनाकाची उणीदुणी

गाडी पार्किंगमधून बाहेर पडायच्या आतच त्याचं सुरू झालं होतं. कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियातल्या आमच्या मराठी लोकांनी एका शाळेचं ऑडिटोरियम भाड्याने घेऊन मराठी सिनेमा दाखवलेला, मी त्यात व्हॉलंटियर, म्हणजे दारात तिकिटं बघायची आणि इंटरव्हलला बटाटेवडे संपले हे लोकांना गोड शब्दांत सांगायचं. सिनेमा गावाकडच्या एका आजोबांचा होता. शेवटी अख्खं ऑडिटोरियम नाक ओढत होतं, माझ्यासकट. आणि हा (तेव्हाचा बॉयफ्रेंड, नाव कशाला) ८८० हायवेला लागेपर्यंत म्हणाला, आजोबा मेले म्हणून सगळे रडले, सिनेमा चांगला होता म्हणून नाही. मग म्हणाला हाच सिनेमा तेलुगूत असता तर तू बघितला असतास का, मराठी आहे म्हणून टाळ्या वाजवायच्या का, आणि ते दिग्दर्शक स्काईपवर आले तेव्हा एवढं उभं राहून काय, वगैरे वगैरे, घर येईपर्यंत. मी खिडकीबाहेर बघत बसले. आता इतक्या वर्षांनी कबूल करायला हरकत नाही, सिनेमा खरंच बंडल होता.

त्यानंतर सात-आठ महिन्यांनी, आमचं संपल्यावर, लायब्ररीत एक पातळसं काळंपांढरं कॉमिक हातात आलं. शॉर्टकमिंग्ज, एड्रियन टोमिने. सहज उघडलं, तर पहिल्याच सीनमध्ये आमच्याच बे एरियातल्या बर्कलीतला एक एशियन अमेरिकन फिल्म फेस्टिव्हल, पडद्यावर एका चिनी आजोबांचा आणि फॉर्च्युन कुकीचा हृदयस्पर्शी सिनेमा संपतोय, लोक टाळ्या वाजवतायत, आणि फेस्टिव्हलच्या कामात असलेली मिको आपल्या बॉयफ्रेंडबरोबर घरी निघालीये आणि बॉयफ्रेंड त्या सिनेमाची पिसं काढतोय. मी पुस्तक मिटलं. अक्षरशः मिटलं आणि आजूबाजूला बघितलं, कोणी बघत नाहीये ना. मग घरी आणलं आणि एका बैठकीत संपवलं. शंभर-सव्वाशे पानांचंच आहे.

शॉर्टकमिंग्ज म्हणजे उणिवा, पण मला विचाराल तर ह्याचं मराठीत नाव एकच होऊ शकतं, उणीदुणी. कारण हिरो बेन तनाका आयुष्यात दुसरं काही करतच नाही. तो बर्कलीत एका थिएटरचा मॅनेजर आहे, वय तिशीच्या आसपास, जपानी-अमेरिकन, हुशार, बोलायला तिखट, आणि कुठल्याही खोलीत शिरला की त्या खोलीत काय चुकीचं आहे ते त्याला सगळ्यात आधी दिसतं. मिको हायाशी त्याच्याबरोबर राहते. अ‍ॅलिस किम ही त्याची एकमेव म्हणता येईल अशी मैत्रीण, कोरियन-अमेरिकन, लेस्बियन, आणि पुस्तकातली सगळी मजा तिच्या तोंडी. मिको इंटर्नशिपसाठी न्यूयॉर्कला जाते, आपण जरा ब्रेक घेऊया म्हणते, बेन मागे राहतो आणि ज्या गोष्टी तो इतके दिवस नाकारत होता त्या करायला लागतो. स्टोरी म्हणाल तर एवढीच.

आता त्या गोष्टी कुठल्या. मिकोचा आरोप असा की ह्याला गोऱ्या मुली आवडतात. नुसतं बघणं नाही, त्याच्या डीव्हीडी सापडतात (कसल्या ते कळलं असेलच) आणि त्यात सगळ्या गोऱ्या. बेनचं उत्तर ठरलेलं, ह्यात रेसचा काय संबंध, प्रत्येक गोष्टीत पॉलिटिक्स का आणतेस. तो अगदी मनापासून चिडतो. मला ते चिडणं ओळखीचं वाटलं, कारण ते खोटं नसतं, माणूस खरंच दुखावलेला असतो, आणि तरी समोरची बरोबर असते.

रेसला मराठीत काय म्हणायचं हा माझा कायमचा प्रश्न आहे. वंश म्हटलं की मला वंशाचा दिवा आठवतो आणि पुढे पेढे. वर्ण म्हटलं की मुलगी बघायला आलेली माणसं आणि त्यातल्या एका आत्याबाईंचं ते “सावळी आहे पण नाकीडोळी नीटस” आठवतं. म्हणून आपलं रेसच.

बर्कली हे ठिकाण टोमिनेने उगीच घेतलेलं नाहीये. तो स्वतः तिथे इंग्रजी साहित्य शिकला ही एक गोष्ट झाली. पण ‘एशियन अमेरिकन’ हा शब्दच मुळात बर्कलीत जन्मला, १९६८ साली, युजी इचिओका आणि एमा गी ह्या दोन विद्यार्थ्यांनी तिथे संघटना काढली तेव्हा. त्याआधी ह्या सगळ्यांना ‘ओरिएंटल’ म्हणायचे, गालिच्याला म्हणतात तसं. जपानी, चिनी, फिलिपिनो पोरांनी ठरवलं की आपण वेगवेगळे ओरडलो तर कोणी ऐकत नाही, एकत्र ओरडू. आणि जवळजवळ चाळीस वर्षांनी त्याच गावात बेन तनाका फिरतोय आणि त्याला त्या शब्दाचाच कंटाळा आलाय, ते फेस्टिव्हल, ती आपली माणसं आपल्या कथा वगैरे, त्याला वाटतं मला ह्यात धरू नका, मी फक्त मी आहे. आणि खरं सांगायचं तर मला हे पटतं! मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात तीन जण “आपली संस्कृती” म्हणतात आणि चौथा माईक मागतो तेव्हा मलाही बाहेर जाऊन गाडीत बसावंसं वाटायचं.

पण टोमिनेला हे सगळं मागचं माहितीये, आणि बेनपेक्षा त्याला जास्त माहितीये. तो १९७४ चा, सॅक्रामेंटोचा, अमेरिकेतली चौथी पिढी. त्याचे आई-वडील दोघेही लहानपणी काही काळ कॅम्पात होते. १९४२ मध्ये सरकारने हुकूम काढून पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी लोकांना घरंदारं सोडायला लावून तारांच्या कुंपणात ठेवलं, एक लाख वीस हजारांच्या आसपास माणसं, आणि त्यातले बहुतेक अमेरिकन नागरिक. कॅलिफोर्नियात १९४८ पर्यंत गोऱ्या माणसाशी आशियाई माणसाचं लग्न कायद्याने होऊच शकत नव्हतं. देशभरातली असली बंदी उठली तीसुद्धा १९६७ ला. (तिकडच्या जुन्या पंजाबी शेतकऱ्यांनी मेक्सिकन बायका का केल्या त्याचं एक कारण हेच, इकडून बायका आणता येईनात आणि तिकडे गोऱ्या मुलीशी लग्न चालेना.) हे मी सगळं नंतर वाचलं, आणि मग बेनचं ते “माझी आवड आहे, त्यात रेस कुठे आली” परत वाचलं. आवड म्हणे. ज्या मुलीकडे बघायचं नाही असं आजोबांना कायद्याने सांगितलेलं, नातवाला बरोबर तीच आवडते, आणि हा म्हणतो योगायोग.

बरं, मिको गेल्यावर काय करतो. थिएटरात ऑटम नावाची एक नवीन पोरगी तिकिटावर येते, गोरी, आर्टिस्टिक, ती रोज सकाळी स्वतःच्या टॉयलेटचा फोटो काढते आणि ती तिची कला. बेन इतरांचा एक फालतू डायलॉग सोडत नाही पण हिच्या त्या फोटोंसमोर मान डोलावत उभा! मी इथे इतकी हसले. दुसऱ्या कोणी, समजा मिकोच्या फेस्टिव्हलमध्ये कोणी, हे लावलं असतं तर त्याने तीन पानं फाडून खाल्लं असतं. टोमिने काही कॉमेंट करत नाही, नुसता बेनचा चेहरा काढतो, जरासा हसरा, जरासा कसनुसा. मग साशा येते, तीही गोरी, तिच्याबरोबर जरा पुढे जातं आणि मग तिची जुनी भानगड परत येते आणि हा परत एकटा.

मधे अ‍ॅलिसचं प्रकरण आहे. तिच्या घरच्यांना ती लेस्बियन आहे हे सांगितलेलं नाही, म्हणून नातेवाइकांच्या लग्नात बेनला खोटा बॉयफ्रेंड म्हणून घेऊन जाते. आपल्याकडे हा सीन कुणालाही समजावून सांगायला लागणार नाही. त्यात कोरियन घर आणि जपानी मुलगा. १९१० ते १९४५ जपानचं कोरियावर राज्य होतं आणि ते कसं होतं हे आजी-आजोबांच्या पिढीला पाठ असतं, त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला दोघंही ‘एशियन’, आतून बघाल तर मधे अख्खा समुद्र. आमच्या ऑफिसात एक अमेरिकन बाई मला आणि एका तमिळ मुलाला “तुम्ही दोघं तुमच्या भाषेत बोला ना” म्हणायची, तो आणि मी एकमेकांकडे बघून हिंदीही बोलू शकायचो नाही. ते आठवलं.

अ‍ॅलिस अख्ख्या बर्कलीतल्या मुलींच्या मागे असते, ते खुशाल सांगते, आणि गंमत म्हणजे तिच्यात आणि बेनमध्ये आवडीनिवडीच्या बाबतीत फार फरक नाहीये. फरक एवढाच की ती स्वतःबद्दल खोटं बोलत नाही. घरच्यांशी बोलते पण स्वतःशी नाही. बेनचं बरोबर उलटं.

आता न्यूयॉर्क. हा भाग सांगितला तर पुस्तकाची मजा थोडी जाईल, ज्यांना वाचायचंय त्यांनी हे दोन पॅरा सोडा. अ‍ॅलिस न्यूयॉर्कला जाते, बेन तिच्या मागोमाग पोचतो, आणि कळतं की मिको तिथे दुसऱ्याबरोबर आहे. लिऑन. आणि लिऑन दिसायला गोरा. बस, बेन पेटतो. ज्याने दीड-दोन वर्षं सांगितलं की कोणाला कोण आवडतं त्यात रेस आणू नका, तो आता फक्त रेसवर बोलतो. हा असल्यांपैकी आहे ज्यांना फक्त एशियन मुली लागतात, हा तुला एक वस्तू म्हणून बघतो, ही सगळी थिअरी, जी मिकोने इतके दिवस सांगितली आणि ह्याने हसण्यावारी नेली, ती आता ह्याला तोंडपाठ. मिको म्हणते तो गोरा नाहीये, अर्धा ज्यू, अर्धा नेटिव्ह अमेरिकन आहे. बेनला त्याने काही फरक पडत नाही. लिऑन जपानी बोलतो. बेनला जपानी येत नाही! तो ज्याला नकली म्हणतोय त्याला ह्याच्या आजोबांची भाषा येते आणि हा आपला उभा.

आणि कहर म्हणजे बेन इथेही पूर्ण चूक नाही. लिऑन आहेच तसा, जरा विनोदी, जरा खोटा, जपान जपान करणारा. मिकोने लपवलं हेही आहेच. टोमिनेने बेनला हरवण्यासाठी समोरच्यांना देव केलं नाहीये. बेनचे मुद्दे एक-एक सुटे करून वादविवाद स्पर्धेत मांडले तर तो पहिला येईल. त्याला फक्त ते मुद्दे कधी बाहेर काढायचे आणि कधी खिशात ठेवायचे हे फार छान कळतं, स्वतःला सोयीचं असेल तसं. मला हे पुस्तक आवडण्याचं कारण हेच, की त्यात बरोबर बोलणारा माणूस कसा स्वतःच्या बरोबरपणामागे लपतो ते दाखवलंय.

आमचा हा पण तसाच होता म्हणून सांगते. आम्ही बार्टमध्ये (तिकडची लोकल ट्रेन) असायचो, समोर एखादी देशी मुलगी गोऱ्या मुलाच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपलेली असायची, तर हा मराठीत (कारण कुणाला कळत नाही ना) “हिला आपल्यात कोणी मिळाला नसेल का”. आणि उलट जोडी दिसली, देशी मुलगा आणि गोरी मुलगी, तर “भारी आहे राव, हात मारला पठ्ठ्याने”. एकाच आठवड्यात दोन्ही ऐकलंय मी. मी काही बोलले नाही. एकदा माझा एक फोटो बघून म्हणाला ह्यात मस्त दिसतेस, उजळ आलीयेस एकदम. त्याला ते खरंच कौतुक वाटत होतं. मी थँक्यू म्हटलं! आणि तो फोटो बरेच दिवस डीपी ठेवला, हे जास्त लाजिरवाणं.

पण एकट्या त्याचंच काय. गोरी सून पुरणपोळी लाटताना, नऊवारी नेसून मंगळागौरीला फुगडी घालताना, हे व्हिडिओ सगळ्या फॅमिली ग्रुपवर येतात, खाली शंभर नमस्कार, “आपल्या मुलींनी शिकावं हिच्याकडून”. गोरा जावई असेल तरी चालतं, थोडी कुजबुज होते मग तो धोतरात गोड दिसतो. काळा जावई असेल तर? एका ओळखीच्या घरात झालं, मुलीने एका आफ्रिकन-अमेरिकन मुलाशी लग्न केलं, चांगला शिकलेला, स्वभावाने सोनं. त्या लग्नाचा एकही फोटो ग्रुपवर आला नाही. कोणी वाईट बोललं नाही हां, कोणीच काही बोललं नाही. तीच माणसं परत एच-१बीच्या गप्पा निघाल्या की गोरे आपल्याशी कसे वागतात ह्यावर तासभर बोलतात. ही यादी लिहिताना मला बेन आठवतो आणि मग मी स्वतःही उणीदुणीच काढतीये हेही लक्षात येतं, असो.

चित्रांबद्दल थोडं. ग्राफिक नॉव्हेल म्हटलं की आपल्याकडे लोक म्हणतात अगं ते मुलांचं ना. हे मुलांच्या हाताला लागू देऊ नका, एवढंच सांगते. टोमिनेची रेघ एकदम स्वच्छ, शांत, काही दाखवेगिरी नाही. विचारांचे ढग नाहीत, कोपऱ्यात “त्याच्या मनात आलं की” असलं निवेदन नाही. फक्त लोक बोलतायत आणि मधेमधे एखादी चौकट जिथे कोणीच बोलत नाही. ती रिकामी चौकट वाचायची कशी ते पहिल्यांदा कळत नाही, आपण बोलणं वाचत पुढे पळतो. दुसऱ्यांदा वाचताना मी मुद्दाम त्या चौकटींवर थांबले. बेन काहीतरी खवचट बोलतो, पुढच्या चौकटीत मिकोचा नुसता चेहरा, तोंड जराssसं मिटलेलं, भुवई एक मिलिमीटर वेगळी. झालं. त्या एका मिलिमीटरमध्ये तिचं न्यूयॉर्क ठरतंय हे आपल्याला कळतं आणि बेनला कळत नाही, कारण तो पुढचं वाक्य जुळवतोय. गाडीत खिडकीबाहेर बघताना माझं तोंड कसं असेल ह्याचा मी तेव्हा पहिल्यांदा विचार केला.

टोमिनेने हे आधी हप्त्याहप्त्याने काढलं, ऑप्टिक नर्व्ह नावाच्या स्वतःच्या कॉमिकमध्ये, जे त्याने शाळेत असताना झेरॉक्स काढून सुरू केलेलं आणि १९९५ पासून माँट्रियलचे ड्रॉन अँड क्वार्टरली छापायला लागले. शॉर्टकमिंग्ज त्याच्या नऊ ते अकरा ह्या तीन अंकांत आलं आणि २००७ ला पुस्तक झालं. त्याआधी त्याला लोक विचारायचे की तू स्वतः एशियन, मग तुझ्या गोष्टींत ते का येत नाही. आणि त्याने उत्तर काय दिलं तर बेन तनाका! म्हणजे समाजाने सांगितलं आमचं काहीतरी लिही, आणि ह्याने समाजाचा सगळ्यात किरकिऱ्या माणूस उचलून समोर ठेवला. घ्या.

तक्रारी आहेत. ऑटम आणि साशा ह्या माणसं कमी आणि बेनच्या चुका जास्त वाटतात, विशेषतः ऑटम, टॉयलेटचा जोक सोडला तर तिला काही दिलेलंच नाही. मिकोलाही तिचं असं एखादं पान हवं होतं, जिथे बेन नाहीये, ती एकटी चहा पितेय वगैरे. २०२३ ला सिनेमा आला, रँडल पार्कने दिग्दर्शित केलेला, पटकथा टोमिनेचीच. तो मी बघितला, बरा आहे, अ‍ॅलिस झालेली शेरी कोला जाम भारी आहे, पण सिनेमात ती रिकामी चौकट नाही येत हो. नट श्वास तर घेणारच.

पुस्तकाच्या शेवटी बेन विमानात बसलाय. खिडकीपाशी. बोलायला कोणी नाही, उणं काढायला काही नाही. टोमिने त्याला तसंच बसवून ठेवतो, एक चौकट, मग अजून एक, आणि पुस्तक संपतं. तो बदलला का, माहीत नाही. मला पहिल्यांदा वाटलं बदलला, दुसऱ्यांदा वाटलं छे, हा खाली उतरल्यावर एअरलाइनच्या कॉफीबद्दल बोलणार.

पुण्याला परत आल्यावर मी ह्याची स्वतःची कॉपी घेतली, ती दिवाणावर पडलेली असते. मागच्या आठवड्यात आई डोंबिवलीहून आलेली, तिने दुपारी ते उचललं. तिला इंग्रजी संवाद काही वाचायचे नव्हते, नुसती चित्रं बघत पानं उलटत होती, चष्मा डोक्यावर ठेवून.

“हा चायनीज का गं?”

“जपानी. म्हणजे अमेरिकन आहे.”

“मग एवढा कशाला करवादलाय?” अजून दहा-बारा पानं उलटली. मिकोच्या एका चौकटीवर थांबली, पुस्तक जरा लांब धरून बघितलं. “ही जाणार आता सोडून,” म्हणाली, आणि चहाचं आधण ठेवायला उठली.

मी पान बघितलं. तेवीस का चोवीस होतं.